आम्ही त्यांच्यातले नाही

पत्र

ताई, नमस्कार.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे आम्ही द हेगला आलो तेव्हा मुलगा रांगत होता. आता तो नऊ वर्षांचा आहे. सुरुवातीला बेनोर्डनहाउटमध्ये भाड्याने राहिलो. दोन वर्षांपूर्वी रेखेंटेस भागात स्वतःचं घर घेतलं, कारण परवडलं ते इथेच. नव्या शाळेत मुलाला दोन जिवलग मित्र मिळाले, दोघंही सुरिनामी हिंदुस्तानी घरांतले. तिघं एकाच फुटबॉल क्लबात जातात.

इथल्या शाळेत प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा वर्गासमोर भाषण करावं लागतं. माझ्या मुलाने विषय निवडला 'लल्ला रूख', म्हणजे भारतातून मजूर घेऊन सुरिनामला, दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीला, गेलेलं जहाज. कागदावर पहिलंच वाक्य लिहिलं, 'या जहाजातून आमचे पणजोबा आले.' नवऱ्याने ते वाचलं आणि घरात नुसता भडका उडाला. 'आपले पूर्वज मजूर म्हणून कुठे गेले नव्हते. आपण इथे बोलावून आणलेली माणसं आहोत. चंद्रयानावर बोल.' मुलगा म्हणाला, 'पण मी हिंदुस्तानीच आहे, सगळे तसंच म्हणतात.' तेव्हापासून बापलेक एकमेकांशी धड बोलत नाहीत.

दुसरी गोष्ट मी घरात अर्धीच सांगितली आहे. २०२५च्या सप्टेंबरात इथल्या मालीवेल्ड मैदानावर स्थलांतरितांविरुद्ध मोर्चा झाला, पोलिसांची गाडी जाळली, त्याच्या पुढच्या आठवड्यातली. ट्राममध्ये एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाले, 'आपल्या देशात परत जा.' मी खिडकीबाहेर बघत बसले. मागच्या सीटवरून हिजाब घातलेली एक मुलगी उठली, मोरोक्कन असावी. तिने त्यांना असं काही सुनावलं की ते पुढच्याच थांब्याला उतरले. मी तिला साधं धन्यवादही म्हटलं नाही. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, 'त्याला वाटलं असेल तू त्यांच्यातली आहेस.' ते ऐकून मला बरं वाटलं, आणि रात्री त्याच बरं वाटण्याची लाज वाटली.

सांगलीला गेलं की महिन्याभरात तिथेही परकं वाटायला लागतं. मराठी मंडळात गणपतीपुरतं छान वाटतं. डच पासपोर्ट घ्यायचा का, यावर रोज वाद. आम्ही इथले कधी होणार? आणि मुलाला काय सांगू?

– एक आई, द हेग

उत्तर

प्रिय सांगलीकर,

भाषणाची तारीख कधीही येऊन ठेपेल, म्हणून आधी ते निकालात काढू. विषय बदलू नका, पहिलं वाक्य बदला. 'या जहाजातून माझ्या मित्राचे खापरपणजोबा गेले' एवढं केलं की बाबांचा आक्षेप उरत नाही आणि मुलाचं जहाजही बुडत नाही. दुसऱ्याचे पूर्वज उसने घेऊन काही मिळत नाही. मित्राची गोष्ट मित्राची म्हणून सांगावी, त्यात कमीपणा कसला?

फक्त मित्राच्या घरचे त्याच जहाजाने गेले होते का, ते तपासून घ्यायला सांगा. 'लल्ला रूख' हे पहिलं जहाज. ते १८७३च्या फेब्रुवारीत कलकत्त्याहून निघालं आणि ५ जूनला सुरिनामच्या राजधानीत, पारामारिबोला, त्यातून सुमारे ४०० माणसं उतरली. पुढे १९१६पर्यंत अशा साठच्या वर खेपा झाल्या आणि ३४ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यांची नोंद आहे. नाव, वय, जिल्हा, गाव, जहाज, कोणत्या मळ्यावर पाठवलं, सगळं लिहून ठेवलेलं आहे. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर ते कोणालाही फुकट शोधता येतं, आणि हे अभिलेखागार तुमच्याच शहरात, मध्यवर्ती स्टेशनाला खेटून आहे.

हे काम कोणाला द्यायचं ते तुमच्या लक्षात आलं असेलच. कलकत्त्याच्या डेपोतल्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं नाव आज हुडकायचं म्हणजे एकाच नावाची चार-पाच स्पेलिंगं करून बघावी लागतात, मग गाव जुळतंय का, वय जुळतंय का. दिवसभर डेटाबेसशी झटापट करणाऱ्या माणसाला असलं काही समोर दिलं की तो जेवायला उठत नाही. मुलाला आणि त्याच्या मित्राला शनिवारी संध्याकाळी मिस्टरांच्या दोन बाजूंना बसवा आणि तुम्ही तिथून उठून जा. मित्राच्या आजीकडून गावाचं, निदान जिल्ह्याचं नाव आधी विचारून आणायला सांगा. बस्ती, आझमगड, शाहाबाद असं काहीतरी निघेल. बरेच जण आजच्या उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागातले आणि बिहारातले.

आता मिस्टरांच्या त्या वाक्याकडे येते. 'त्याला वाटलं असेल तू त्यांच्यातली आहेस.' तुम्हाला बरं का वाटलं हे मला कळतं. अपमान चुकून आपल्या वाट्याला आला, असं म्हणता आलं की झोप लागते. पण मग तो कोणाच्या वाट्याला जायला हवा होता? त्या हिजाबवाल्या मुलीच्या? ती बहुधा इथेच जन्मली, इथेच शिकली. तिने कुठे परत जायचं? त्या गृहस्थांनी तुमचा व्हिसा विचारला नव्हता, पगाराची स्लिप मागितली नव्हती. तुम्ही आणि ती त्यांच्या लेखी एकच होतात, हे तिला एका क्षणात कळलं. तुम्हाला ते कळायला रात्र लागली, एवढाच फरक.

मिस्टरांच्या बाजूनेही बोलते, कारण त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. इथे येण्याच्या वाटा खरंच वेगवेगळ्या आहेत. नेदरलँड्सने २००४पासून 'ज्ञानस्थलांतरित' नावाची वेगळी खिडकी उघडली. कंपनी बोलावते, ठरावीक पगाराच्या वर असलात की परवाना मिळतो, सुरुवातीची काही वर्षं पगाराच्या जवळपास ३० टक्के भागावर कर लागत नाही. तुम्हाला विमानतळावरून टॅक्सीने नेलं असेल. तुर्कस्तानाशी १९६४मध्ये आणि मोरोक्कोशी १९६९मध्ये कामगार भरतीचे करार झाले, त्यांतून आलेल्या पुरुषांना आधी मायदेशी डॉक्टरने तपासलं, मग कारखान्याशेजारच्या खोल्यांत दाटीवाटीने ठेवलं. पोलादाचे कारखाने, कापडगिरण्या, जहाजबांधणीच्या गोद्या. 'पाहुणे कामगार' म्हणायचे त्यांना. १९७३च्या तेलसंकटानंतर भरती थांबली, पण माणसं थांबली ती थांबलीच, आणि बायकामुलं आली.

पण या दोन वाटांवर एक गोष्ट हुबेहूब सारखी आहे, आणि ती तुमच्या मिस्टरांना आवडणार नाही. ते पाहुणे कामगारही म्हणायचे, चार-पाच वर्षं कमावू, गावी घर बांधू आणि जाऊ. सरकारही तेच म्हणायचं, त्यामुळे त्यांना भाषा शिकवायची तसदी कोणी घेतली नाही. घरं बांधली गेली. मोरोक्कोच्या रिफ डोंगरातल्या कित्येक गावांत ती अजून उभी आहेत, उन्हाळ्याच्या सुट्टीत उघडतात आणि सप्टेंबरात पुन्हा कुलूप. तुमचा बाणेरला किंवा वाकडला फ्लॅट आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. तुमच्या ओळखीच्या किती जणांचा आहे, ते मला न सांगता माहीत आहे. 'अजून पाच वर्षं' हे वाक्य मी या देशात इतक्या मराठी घरांत, इतकी वर्षं ऐकते आहे की ते म्हणणाऱ्यांची मुलं आता नोकरीला लागली.

सुरिनामी हिंदुस्तान्यांची कथा तर आणखी वेगळी. १८६३मध्ये डचांनी सुरिनाममधली गुलामगिरी कायद्याने बंद केली, तरी गुलामांना आणखी दहा वर्षं सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर राबवलं. ती मुदत १८७३मध्ये संपली, आणि नेमक्या त्याच वर्षी भारतातून करारावरचे मजूर आणले. करार पाच वर्षांचा, नंतर परतीचं तिकीट फुकट. साधारण एक तृतीयांश परत गेले, बाकीच्यांनी जमिनी घेतल्या, भात पिकवला. म्हणजे 'परत जायचं की राहायचं' हा तुमच्या जेवणाच्या टेबलावरचा प्रश्न त्यांच्या घरात पाच पिढ्यांपूर्वी होऊन गेला. पुढे २५ नोव्हेंबर १९७५ला सुरिनाम स्वतंत्र झाला. त्याच्या आगेमागे लाखाच्या वर लोक विमानाने इथे आले, बहुतेकांच्या हातात डच पासपोर्ट. भाषा डच, शाळा डच, राणी तीच. तरीही त्यांना घर भाड्याने देताना लोक कचरले, तरीही ट्राममध्ये त्यांनाही 'परत जा' ऐकावं लागलं. म्हणून पासपोर्ट घेतल्यावर सगळं ठीक होईल, या भ्रमात तुम्ही राहू नये असं मला वाटतं.

आणि हो, 'आपले पूर्वज मजूर म्हणून कुठे गेले नव्हते' हे सांगलीच्या घराबद्दल खरं असेल, मराठी माणसाबद्दल खरं नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मराठी मजूर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेले, कोकणातले आणि देशावरचेही. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. मिस्टरांना मॉरिशस हनिमूनच्या पॅकेजमुळे माहीत असेल.

इथे एक बोचरं बोलते, रागवू नका. 'आम्ही त्यांच्यातले नाही' हे वाक्य आपण शिपोल विमानतळावर उतरल्यावर शिकलेलो नाही. ते आपण गावाहून घेऊन आलो. कोणाच्या घरी पाणी प्यायचं, कोणाच्या पंगतीला बसायचं, आडनाव ऐकून आवाज कसा बदलायचा, हे सगळं आपल्या सामानात होतंच. इथे फक्त 'त्यांच्या'च्या जागी नवी माणसं बसवली. त्या जहाजांवरही सगळ्या जातींची माणसं होती. तीन-साडेतीन महिने एकाच डेकवर झोपून, एकाच भटारखान्यातलं खाऊन पंक्तिभेद टिकतो कशाला? उतरली तेव्हा ती एकमेकांना 'जहाजी भाई' म्हणत होती, आणि ते नातं पुढे सोयरिकीइतकं घट्ट मानलं गेलं. तुमच्या मुलाला नेमकं हेच जहाज आवडलं, यात मला तरी काळजीचं काही दिसत नाही.

तुम्ही विचारलंत, 'आम्ही इथले कधी होणार?' यातलं 'इथे' म्हणजे कुठे, ते ठरवू या. नेदरलँड्स? तो फार मोठा घास आहे. युरोपातल्या स्थलांतरितांच्या मुलांशी बोलणाऱ्या अभ्यासकांना एक गोष्ट वारंवार दिसली आहे. 'तू डच आहेस का?' म्हटलं की मूल अडखळतं, 'तू रॉटरडॅमचा आहेस का?' म्हटलं की अडखळत नाही. शेजारचंच उदाहरण घ्या. अहमद अबूतालेब मोरोक्कोतल्या एका खेड्यात जन्मले, पंधराव्या वर्षी इथे आले आणि २००९ ते २०२४ रॉटरडॅमचे महापौर होते. त्यांच्याकडे मोरोक्कोचाही पासपोर्ट आहे म्हणून देशाच्या राजकारणात केवढा गदारोळ झाला. शहराने मात्र त्यांना आपलं म्हटलं. देश माणसाचे कागद बघतो. शहरात तुम्ही रोज कुठे दिसता, याला जास्त किंमत असते.

आणि तुमचं शहर तर मुळातच दोन आहे. जुने लोक सांगतात, द हेग वाळूवर आणि पीटवर वसलंय. समुद्राकडची उंच, कोरडी वाळू श्रीमंतांची, आतली दलदलीची काळी जमीन कामगारांची. वाळूवरचा तो 'हागेनार', पीटवरचा तो 'हागेनेस', आणि दोघांची बोलण्याची ढबही वेगळी. लान फान मेर्डरफोर्ट हा लांबच लांब रस्ता ढोबळमानाने या दोहोंची सीमा मानतात. तुम्ही बेनोर्डनहाउटहून रेखेंटेसला आलात म्हणजे ही सीमा ओलांडलीत. घर बदलल्यापासून परकेपणा जास्त जाणवतो असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण पत्र वाचताना मला तो तारखेनिशी दिसला. वाळूवर तुम्ही दूतावासवाल्यांमध्ये, आंतरराष्ट्रीय न्यायालयवाल्यांमध्ये आणखी एक परदेशी कुटुंब होतात; तिथे सगळेच चार वर्षांचे पाहुणे. पीटवर आल्यावर लोकांनी पहिल्यांदा तुम्हाला कुठल्या तरी गटात घातलं. मिस्टरांना झोंबतंय ते हेच, असा माझा अंदाज आहे. ही निम्मी तरी वर्गाची भानगड आहे.

एकदा सोमवारी किंवा शनिवारी त्यांना हागसे मार्क्टला घेऊन जा. तुम्ही कोथिंबीर-कारल्यासाठी जात असालच. त्यांना जवळच्या होब्बेमाप्लेन चौकात गांधीजींच्या पुतळ्यापाशी उभं करा आणि मग पलीकडच्या वस्तीतल्या रस्त्यांच्या पाट्या वाचायला लावा. वस्तीचं नाव ट्रान्सवाल. रस्ते पॉल क्रुगर, दे ला रे, जूबेर अशा दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या बोअर पुढाऱ्यांच्या नावांचे. ज्या ट्रान्सवालमध्ये आशियाई लोकांच्या सक्तीच्या नोंदणीविरुद्ध गांधीजींनी सत्याग्रह केला, त्याच नावाच्या वस्तीच्या तोंडाशी आज गांधीजी उभे. आणि पॉल क्रुगरलानवर साड्यांची, सोन्याची दुकानं, रोटीची हॉटेलं, गल्ल्यावर भोजपुरी वळणाची सरनामी बोलणाऱ्या मावश्या. हे कोणी समिती नेमून केलेलं नाही. माणसं तिथे राहिली, दुकानं काढली, महापालिकेच्या दारात उभी राहिली, म्हणून झालं.

त्या मावश्यांकडचा बारा खाल्ला आहे का? आपल्या मेदूवड्याचा भाऊ. उडदाच्या पिठात अळूच्या जातीची हिरवी पानं चिरून घालतात. मुलाच्या मित्राच्या आजीला घरी बोलवा आणि अळूवडी करा, बाकीचं बोलणं ती दोन पानंच पुढे नेतील. तुमचं हिंदी आणि तिची सरनामी यांचं बऱ्यापैकी जमेल. अडलं तर पोरं डचमध्ये सांगतील.

आता तुमच्यासाठी एक काम सांगते. हसाल, पण मी गंभीर आहे. इथल्या प्राथमिक शाळांत प्रत्येक सुट्टीनंतर मुलांची डोकी तपासतात, उवांसाठी. शिक्षक तपासत नाहीत, पालक तपासतात. त्यांना 'लाउझनमूडर' म्हणतात, शब्दशः उवांच्या आया, आणि या कामाला शाळेला कायम माणसं कमी पडतात. नाव द्या. तुमच्याइतकी तयार उमेदवार शाळेला मिळणार नाही. आजीच्या पुढ्यात मान खाली घालून बसलेल्या मुलीला लीख कुठे असते ते शिकवावं लागत नाही. कानामागे आणि मानेवरच्या केसांत, मुळापासून नखभर अंतरावर. कोंडा फुंकरीने उडतो, लीख उडत नाही. वर्गातल्या पंचवीस-तीस मुलांच्या केसांतून एकदा तुमची बोटं फिरली की ती मुलं तुम्हाला नावाने ओळखतात, रस्त्यात हाक मारतात, आणि त्यांच्या आयाही मग थांबून बोलतात. शिवाय तुमच्याबरोबर तपासायला बसणारी दुसरी आई असते. अर्धा तास खाली बघून काम करताना ज्या गप्पा होतात त्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात होत नाहीत. समोरची इंग्रजीत बोलायला लागली तर तुम्ही डचच बोला. चुकलं तर चुकलं. उवांसाठी भाषेची पातळी A२ की B१ असं कोणी विचारत नाही.

मिस्टरांसाठी फुटबॉल क्लब. शनिवारच्या सामन्यांना मुलांना गाडीने न्यायचं वेळापत्रक असतं, कँटीनमध्ये पालकांच्या पाळ्या असतात. पुष्कळ भारतीय बाबा मुलाला सोडतात, गाडीत बसून लॅपटॉप उघडतात आणि सामना संपला की हॉर्न वाजवतात. तुमचे मिस्टर तसे असतील असं नाही, पण असले तर ते बंद करायला सांगा. एका शनिवारी कँटीनमध्ये फ्रिकांडेल, म्हणजे इथले मांसाचे सॉसेज, तळून द्यावेत. संकष्टी असेल तर तळावेत, खाऊ नयेत. मित्रांचे बाबाही तिथेच असतील. पणजोबा-खापरपणजोबांचा विषय तिथे, तेलाच्या वासात, घरापेक्षा बरा निघेल.

मराठी मंडळ सोडा असं मी म्हणत नाही. गणपतीपुरतं छान वाटतं तर तेवढं वाटू द्यावं. मुलाचं मराठी टिकेल ते तिथल्या नाटुकल्यांनी आणि सांगलीच्या आजीच्या फोनने. 'मी हिंदुस्तानीच आहे' असं तो म्हणाला म्हणून तुमच्या हातून गेला असंही नाही. नऊ वर्षांचं मूल ज्यांच्याबरोबर खेळतं त्यांच्यातलं असतं. पंधराव्या वर्षी तो आणखी काहीतरी म्हणेल. तुमच्या मनाची तयारी असू द्या.

ट्रामचं मात्र नुसतं मनात ठेवू नका. इथल्या प्रत्येक महापालिकेला भेदभावाच्या तक्रारींसाठी मोफत केंद्र चालवावं लागतं, २००९पासून तसा कायदा आहे. ऑनलाइन फॉर्म भरता येतो, नाव न देताही. ते गृहस्थ सापडणार नाहीत, ते मलाही माहीत आहे. पण कुठल्या मार्गावर, कुठल्या आठवड्यात असे किती प्रकार झाले, हा आकडा वर्षाच्या शेवटी महापालिकेपुढे जातो. आपले लोक तक्रार करत नाहीत आणि मग आपल्याला त्रासच नाही असं कागदावर दिसतं. या देशाच्या राज्यघटनेचं पहिलंच कलम सांगतं की नेदरलँड्समध्ये असलेल्या सगळ्यांना सारख्या परिस्थितीत सारखी वागणूक मिळेल. 'असलेल्या सगळ्यांना' म्हटलंय, 'नागरिकांना' नव्हे. म्हणजे तुम्ही त्यात आत्ताही आहात.

कलम आहे म्हणून ते पाळलं जातं असं नाही. पाळणाघराच्या अनुदानाचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. कर खात्याने हजारो पालकांवर फसवणुकीचा खोटा ठपका ठेवला, माणसं कर्जात बुडाली, संसार मोडले. कोणाची फाइल बारकाईने तपासायची ते ठरवताना दुसरं नागरिकत्व हाही निकष लावला गेला होता. त्यात तुर्की, मोरोक्कन, सुरिनामी मुळांची कुटुंबं मोठ्या संख्येने होती, आणि त्यावरून १५ जानेवारी २०२१ला अख्खं मंत्रिमंडळ राजीनामा देऊन गेलं. भाषा शिका, मिसळा, मग सगळे तुम्हाला आपलं म्हणतील, असं जे कोणी गोड आवाजात सांगतात त्यांना मी हे प्रकरण आठवून देते. ते पालक डच बोलत होते, मिसळलेलेही होते. मला एवढंच सांगता येईल की पुन्हा असं काही झालं तर तुमच्या बाजूने कोण उठून बोलेल, याचा विचार आत्ता करावा. ट्राममध्ये कोण उठलं ते तुम्ही पाहिलं आहे. ती मुलगी पुन्हा भेटणार नाही, तिचे आभार राहिले ते राहिले. दुसऱ्या कोणाच्या वेळी तुम्हाला उठता येईल का ते बघा. चार डच वाक्यं आधीच पाठ करून ठेवलीत तर आयत्या वेळी तोंडातून निघतात. मी ठेवली आहेत.

मतदानाचं विसरू नका. परदेशी नागरिकांना महापालिकेसाठी मत देण्याचा हक्क इथे आहे, १९८६च्या निवडणुकीपासून. युरोपीय संघाबाहेरच्यांना पाच वर्षांचं सलग कायदेशीर वास्तव्य लागतं, ते तुमचं कधीच झालं. कार्ड पोस्टाने घरी येतं आणि आपल्यातले बरेच जण ते पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर रद्दीत टाकतात. शाळेजवळचा रस्ता, खेळाचं मैदान, हागसे मार्क्टचं भाडं हे सगळं तिथेच ठरतं.

राहिला पासपोर्ट. तो घेण्याची कारणं व्यवहाराची असू द्या. संसदेसाठी मत देता येतं, युरोपात कुठेही नोकरी करता येते, मुलाला अठराव्या वर्षी धावाधाव नको. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट जाईल आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, मिळेल. ओसीआयवाल्याला फ्लॅट घेता येतो, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. तुम्ही सांगलीचे, म्हणजे घरी ऊस नाहीतर द्राक्षबाग असण्याची शक्यता दाट. ती कोणाच्या नावावर आहे, वाटण्या झाल्यात का, हे सासऱ्यांना आणि वडिलांना विचारून घ्या, मग तिथल्या वकिलाला. अर्ज त्यानंतर भरा. कायम वास्तव्याचा परवाना असेल तर घाई कसलीच नाही.

– तुमची ताई